मदूने उचललेला गोठा

गायनाच्या सरावावरून एल्विना तुस्कानो घरी आली, तेव्हा खिडकीखालचा कोपरा स्वच्छ होता. नको इतका स्वच्छ. सकाळपर्यंत तिथे नाताळचा गोठा होता. सुपारीच्या झावळीचं छप्पर, खाली पेंढा, बाळ येशूला निजवायला नारळाची करवंटी. पुढे वाटीत रुजवलेल्या गव्हाचं हिरवंगार शेत. मेंढ्या तिच्या धाकट्या भावाने, जोएलने, मातीच्या केल्या होत्या. त्यातल्या एकीला पाच पाय होते, कारण जोएलला थांबवावंसं कुणालाच वाटलं नव्हतं.

आता तिथे नुसती पुसलेली फरशी होती. शेजारचं दुकानातून आणलेलं प्लास्टिकचं झाड मात्र कापसाच्या बर्फासकट जागच्या जागी उभं होतं.

"मदू!" एल्विना ओरडली.

मदू म्हणजे त्यांचा घरकाम करणारा यंत्रमानव. वसईतल्या त्यांच्या वाडीत आता बऱ्याच घरी असे मदतनीस आले होते. तो चाकांवरून सरकत आला.

"नाताळची सजावट जपली आहे," तो गोड आवाजात म्हणाला. "कचरा खतयंत्रात टाकला आहे."

"कचरा? तो गोठा होता! आमचा गोठा!"

"तुम्हाला त्रास झाल्याबद्दल दिलगीर आहे."

त्या गोड आवाजाने एल्विनाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती मागच्या अंगणात धावली. खतयंत्रात सगळ्याचा भुगा झाला होता. जोएलने तो हातात घेऊन पाहिला आणि भोकाड पसरलं.

बाबा म्हणाले, "अगं, मशीन आहे ते. दुसरा गोठा करा."

"तुमची गाडी कुणी भंगारात टाकली असती तर म्हणाला असतात का, दुसरी करा?" एल्विना म्हणाली.

तिने मदूचं बटण बंद केलं आणि त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

संध्याकाळी प्रेसिला मावशी पुण्याहून नाताळसाठी आली. यंत्रांना शिकवायचं कसं, याचा अभ्यास करणं हेच तिचं काम. तिने बॅग खाली ठेवायच्या आधीच एल्विनाने तिला सगळं सांगितलं. "त्याला परत पाठवून दे, मावशी. तो मुद्दाम करतो. झाड ठेवलं आणि गोठाच तेवढा फेकला!"

"राग बरोबर आहे तुझा," मावशी म्हणाली. "पण तू एक फार चांगली गोष्ट टिपलीस. झाड का ठेवलं आणि गोठा का फेकला? चल, त्यालाच विचारू. तो काय सांगतो त्यावर नको जाऊस. तो काय पाहतो ते शोध."

आई स्वयंपाकघरात नाताळच्या गोड कुलकुल करत होती. नारळाच्या दुधात भिजवलेल्या पिठाच्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबायच्या, गुंडाळायच्या आणि तळायच्या. एल्विनाने मदूला पुन्हा चालू केलं आणि एक कुलकुल उचलून त्याच्यासमोर धरली. "हे काय?"

"अळी," मदू म्हणाला. "बाहेर टाकू का?"

आईच्या हातातला झारा हवेतच राहिला. "अळी म्हणे! सकाळपासून राबतेय मी!"

एल्विनाने कामट्या आणि पतंगाचा कागद लावून केलेली चांदणी दाखवली. "फाटका पतंग. कचरा." मग तिने बाबांचा लाल मोजा दाखवला. "नाताळ!" जोएलला लाल स्वेटर घालून हनुवटीला कापूस चिकटवला. "सांताक्लॉज! नाताळ!" रडून रडून सुजलेल्या डोळ्यांचा जोएल खुदकन हसला. त्याने मांजराच्या पाठीवर कापूस ठेवला. "बर्फ! नाताळ!"

एल्विना हसली नाही. ती विचार करत होती. "मावशी, लाल आणि पांढरं दिसलं की तो नाताळ म्हणतो. त्याला नाताळ म्हणजे काय ते माहीतच नाही."

"अगदी बरोबर. तू मांजर ओळखायला कशी शिकलीस?"

"खूप मांजरं पाहून."

"मदूही तसाच शिकला. त्याला लाखो चित्रं दाखवली. त्याला नमुना-संच (शिकवण्यासाठी निवडलेल्या उदाहरणांचा साठा) म्हणतात. प्रत्येक चित्राबरोबर सांगितलं, हा नाताळ, हा कचरा. कुठल्या चित्रांत काय सारखं दिसतं, ते त्याने शोधलं. आता नवी वस्तू समोर आली की तो तिचं वर्गीकरण (कोणती गोष्ट कोणत्या गटात बसते ते ठरवणं) करतो. नाताळच्या चित्रांत सगळीकडे बर्फ असेल, तर?"

"तर त्याला वाटणार, बर्फ म्हणजे नाताळ."

"आणि पेंढा, झावळ्या फक्त कचऱ्याच्या चित्रांत असतील, तर?"

एल्विनाचे गाल तापले. "म्हणजे आमच्यासारखं घर त्यात एकही नव्हतं?"

"नसावं. असं झालं की यंत्राच्या निवाड्यात कल (एका बाजूला झुकलेलं मत) येतो. ते मुद्दाम करत नाही. त्याला तेवढंच दाखवलेलं असतं."

"मग चित्रं कुणी निवडली?"

"त्याला बनवणाऱ्या कंपनीतल्या माणसांनी. सहज हाताशी आली ती घेतली."

"सहज!" एल्विना ताडकन उठली. मदूवरचा तिचा राग आता दुसरीकडे वळला होता. "आम्ही वाडीत राहतो, लपून नाही बसलेलो! कुणी विचारलं असतं तर दाखवलं नसतं का?"

"मग आता दाखव. नवे नमुने घरीच शिकवण्याची सोय आहे त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून पुन्हा गोठा बांधला. एल्विनाने मदूला तो समोरून, बाजूने, वरून दाखवला. "नाताळ," मदू म्हणाला. एल्विना विजयाने मावशीकडे पाहू लागली. तेवढ्यात मदू अंगणात गेला आणि कोंबड्यांच्या खुराड्यातल्या घाणेरड्या पेंढ्यासमोर आदराने थांबला. "नाताळ. हात लावणार नाही."

"कोंबड्यांचा नाताळ!" जोएल टाळ्या पिटत ओरडला.

"अरे देवा," एल्विनाने कपाळावर हात मारला. "आता पेंढा दिसला की नाताळ!"

"एकच गोठा पाहिलाय ना त्याने," मावशी म्हणाली. "त्याला वेगवेगळे हवेत. आणि गोठा नसलेला पेंढाही हवा."

मग एल्विना मदूला घेऊन घरोघरी गेली. "आमच्या मदूला तुमचा गोठा पाहायचाय. चालेल का?" असं आधी मोठ्यांना विचारायचं आणि मग मुलांना गोळा करायचं. कुणी शिंपल्यांचा गोठा केला होता, कुणी जुन्या खोक्याचा, कुणी केळीच्या सोपटांचा. एका घरी मेंढ्या नव्हत्या म्हणून बटाट्यांना काड्यांचे पाय लावले होते. मदूने सगळं पाहिलं. कुलकुल पाहिल्या, करंज्यांसारख्या नेवऱ्या पाहिल्या, झाडांना टांगलेल्या चांदण्या पाहिल्या. जोएलने त्याला खुराड्यातला पेंढाही पुन्हा दाखवला आणि दरडावून सांगितलं, "हा कचरा!"

नाताळच्या आदल्या दिवशी मदू झाडू घेऊन कोपऱ्यापाशी आला. जोएलने एल्विनाचा हात घट्ट धरला. मदू थांबला. छपरातून निसटलेली एक काडी फरशीवर पडली होती. तेवढी त्याने उचलली.

"गोठा," तो म्हणाला. "कोपरा तसाच ठेवतो."

जोएलने त्याच्या धातूच्या पोटाला मिठी मारली. एल्विनाने मारली नाही. ती मावशीपाशी गेली. "आपल्या घरचा मदू सुधारला. बाकीचे? ते अजून फेकतच असणार ना?"

"हो. सगळ्यांच्या परवानगीने हे नमुने कंपनीला पाठवता येतील. सोबत तुझ्या आवाजात निरोपही पाठव. जे वाटतं ते बोल."

एल्विनाने बोलून पाठवलं. "माझ्या भावाच्या मेंढ्यांचा तुमच्या यंत्राने भुगा केला," तिने सुरुवात केली, आणि आवाज अजिबात गोड ठेवला नाही.

नाताळच्या दिवशी शेजारचा अथांग फराळाला आला. दिवाळीत त्याने केलेल्या किल्ल्याचा फोटो त्याच्या फोनवर होता. लाल मातीचा डोंगर, त्यावर उगवलेलं अळीव, वाटेवर मावळे. एल्विनाने सहज तो मदूसमोर धरला. "हे काय?"

"मातीचा ढिगारा," मदू म्हणाला. "उचलू का?"

"ढिगारा?" अथांगच्या तोंडातली नेवरी घशात अडकली. "बुरूज बांधायला अख्खी सुट्टी गेली माझी!"

एल्विनाने त्याला पाणी दिलं. मग खुर्ची ओढून मदूसमोर ठेवली. "बस इथे," ती अथांगला म्हणाली. "आणि किल्ला कसा असतो ते याला नीट सांग. अगदी पायथ्यापासून."