सोळावा बोल्ट

“माझ्या हातून बोल्ट ढिला राहिलेला नाही, वहिनी,” मिस्त्री म्हणाला. “पण ती पोरगी दवाखान्यात पडलीय आणि सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळलीत.”

खासगी तपास करणाऱ्या त्या बाईंना सारं गाव वहिनीच म्हणे. टिपणं घ्यायला सोबत त्यांचा दीर, म्हणजे भाऊजी.

मिस्त्रीने एका नर्सच्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बदललं होतं. दुसऱ्याच दिवशी तेल गळून गेलं, चढावर गाडीने ओढणं सोडलं आणि मागून ट्रक आदळला.

गॅरेजमध्ये गाडी उचलून ठेवली होती. वहिनी खाली शिरल्या. गिअरबॉक्सच्या तळाला तेलाचा पत्र्याचा ट्रे, त्याला सोळा बोल्ट. प्रत्येक बोल्टवरून ट्रेपर्यंत पिवळी रेघ.

“आवळून झालं की ओढतो,” मिस्त्री म्हणाला. “ठरलेला जोर लागला की टॉर्क पाना ‘कट्’ वाजतो, तिथे थांबायचं.”

पंधरा रेघा तुटल्या होत्या. सोळावी, आडव्या दांड्याआडची, अखंड होती.

“म्हणजे कुणीतरी बोल्ट सैल केले!” भाऊजी उद्गारले.

मिस्त्रीचा भागीदार वैतागला. “मी कशाला करीन? आणि केलंच असतं, तर त्या आडच्या बोल्टलासुद्धा आमच्या पान्याचं लांब सॉकेट पोचतं.”

सासऱ्यांना घेऊन आलेला नर्सचा नवरा म्हणाला, “मला टायरही बदलता येत नाही. तेल बदललं त्या संध्याकाळी गाडी सासऱ्यांच्या अंगणात होती.”

सासरे, म्हणजे नर्सचे वडील, जुने ट्रकचालक. बोटांची सालपटं निघालेली. ते गरजले, “मिस्त्रीचे हात थरथरतात! बोल्ट नुसते टेकवले होते. आमच्या ट्रकचा बोल्ट दोघांना हलत नसे.”

वहिनींनी ट्रेकडे बोट केलं.

“भाऊजी, रेघा कुठल्या बाजूला सरकल्यात?”

भाऊजींनी वाकून पाहिलं. “आवळायच्या. पण मग गळेल कसं?”

“जास्त आवळलं म्हणून. सांध्यातली गॅस्केटची पट्टी चिरडली, ट्रेची कड वाकली, बोल्टांच्या मधून तेल निघालं. भागीदाराने केलं असतं तर सोळावाही फिरला असता. हे साध्या लांब पान्याचं काम. तो तिथे शिरत नाही, निसटला की बोटं सोलतात.” त्या सासऱ्यांकडे वळल्या. “आणि काका, बोल्ट ‘नुसते टेकवलेले’ होते हे हात लावल्याशिवाय कसं कळलं?”

म्हाताऱ्याने सोललेली बोटं मुठीत लपवली.

“पोर रोज तो चढ चढते,” ते पुटपुटले. “म्हटलं, आपल्या हाताने एकदा घट्ट करावं. गळती कळली तेव्हा वाटलं, या मिस्त्रीनेच काहीतरी बिघडवलंय... मग वाटलं, आपण तर नाही? पण तोंड उघडेना.”

जावई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“आता तिला कोण सांगणार?” म्हाताऱ्याने विचारलं.

“तुम्हीच,” वहिनी म्हणाल्या.

ते निघाले, पण गॅरेजच्या उंबऱ्याशीच थांबले. मिस्त्रीने हात पुसले आणि त्यांचा दंड धरला.

“चला, मी येतो दवाखान्याच्या दारापर्यंत,” तो म्हणाला. “आत मात्र तुम्ही एकटेच जा.”