माजी सरपंचांचं वजन

शिवरंजनीनं डॉक्टर बजरंगना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांचा डावा हात खांद्यापर्यंत म्हशीत होता.

प्रेमात पडायला ही काही रीतसर जागा नव्हे. धाराशिवचा जनावरांचा दवाखाना, थंडीतलं कोवळं ऊन, रांगेत चार शेळ्या, एक रुसलेलं वासरू, आणि शेवटी बाजाराच्या पिशवीत बोका घेऊन उभी असलेली ती. पिशवीतून त्याचं फक्त डोकं बाहेर होतं, आणि त्या डोक्यावर एकूण जगाबद्दलची नाराजी होती.

"काय आणलंय?" म्हशीच्या पलीकडून आवाज आला.

"बोका."

"नाव?"

"शिवरंजनी."

"...बोक्याचं?"

तिचे कान तापले. "सरपंच."

म्हशीमागून एक चेहरा वर आला. हात अशा ठिकाणी अडकलेला असताना माणूस इतकं छान हसू शकतो, याची तिला कल्पना नव्हती.

सरपंच हे नाव गल्लीनं दिलेलं. गेल्या उन्हाळ्यापर्यंत त्याचा देह त्या पदाला शोभणारा होता. तो ओट्यावर पसरला की माणसं वळसा घालून जायची. मग तो पाणी प्यायला लागला. वाटी संपवून बादलीशी जायचा. खायचा दुप्पट आणि वाळायचा चौपट. कंबरेची हाडं हाताला लागायला लागली, तेव्हा गल्ली त्याला 'माजी सरपंच' म्हणू लागली. गल्ली हसली. शिवरंजनीला हसू आलं नाही. कारण आई गेल्यापासून अप्पा, म्हणजे तिचे वडील, निवृत्त मास्तर शिवशरणअप्पा, घरात जेवढं म्हणून बोलत, ते सगळं या बोक्याशी. आईनं चमच्यानं दूध पाजून वाढवलेला बोका. तो गेला तर अप्पा कुणाशी बोलतील? तिच्याशी बोलतील असं तिला वाटत नव्हतं. ती कोर्टात स्टेनो होती. दिवसभर लोकांची भांडणं लिहून घेतल्यावर घरी तिलाही शांतता बरी वाटायची.

डॉक्टरांनी हात धुतले. चांगले दोनदा धुतले. सरपंचाच्या कानाला बारीकशी सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, लघवीही तपासली आणि भुवया वर केल्या.

"शुगर आहे याला."

"बोक्याला?"

"हो ना. खरं सांगू का मॅडम? हे मी पुस्तकात वाचलंय, टेबलावर पहिल्यांदाच बघतोय. उदगीरला कॉलेजात आमचे सर आहेत, त्यांना विचारूनच डोस ठरवतो. चालेल?"

मला माहीत नाही, असं म्हणणारा माणूस शिवरंजनीनं कोर्टात फक्त साक्षीदारांच्या पिंजऱ्यात पाहिला होता. चालेल, असं ती म्हणाली. आवाज जरा जास्तच मऊ निघाला.

त्यांनी फोन केला, मग मानेजवळची कातडी चिमटीत धरून इन्सुलिन कसं टोचायचं ते दाखवलं. सकाळ-संध्याकाळ, खाऊन झाल्यावर. "आणि पथ्य सांभाळा," एवढं म्हणाले, तोवर म्हशीचा मालक त्यांना बाहेर ओढून घेऊन गेला.

पथ्य सांभाळा. या दोन शब्दांनी पुढं बोक्याचा जीव जायची वेळ आली.

कारण गल्लीत दर दुसऱ्या घरात शुगर. अप्पांना स्वतःला कित्येक वर्षांची. बोक्याचं पथ्य त्याच संध्याकाळी ओट्यावर सर्वानुमते मंजूर झालं. भात बंद. दूध बंद. पातळ ताकात अर्धी भाकरी. पहाटे ड्रॉपरनं कारल्याचा रस. मेथीची पूड. समोरच्या चारुशीलाकाकूंनी मॉर्निंग वॉक सुचवला, तोही लागू झाला. अप्पा चालत आणि सरपंच त्यांच्या खांद्यावर बसून गल्ली बघत.

इन्सुलिन मात्र शिवरंजनी न चुकता टोचत होती. औषध पूर्ण आणि पोट अर्धं.

एका रविवारी सकाळी सरपंच उठला तो पायात पाय अडकवत चालला, आणि दारातच कोसळला.

"काहीतरी गोड द्या! आत्ता!" फोनवर डॉक्टर ओरडले. "साखरेचं पाणी बोटानं हिरड्यांना चोळा. मी निघालोच."

"अप्पा, साखर!"

"साखर न्हाय घरात," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "बंद केली की आपण..." मग ते वळले, देवघरात गेले, बसवेश्वरांच्या तसबिरीमागं हात घातला आणि कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा काढून आणला. शिवरंजनीनं त्यांच्याकडं पाहिलं. ही वेळ प्रश्न विचारायची नव्हती.

गूळपाणी. बोट. हिरड्या. पुन्हा बोट. सरपंचाचे डोळे कुठंतरी लांब बघत होते. अप्पा त्याचे पंजे चोळत पुटपुटत होते, "ऊठ की रं. ऊठ. असं करतात व्हय..."

डॉक्टर हेल्मेट न काढताच आत आले, एका पायात चप्पल आणि एका पायात सँडल. नेमकं तेव्हाच सरपंचानं शिवरंजनीच्या बोटाला कडकडून चावा घेतला.

"चावला!" ती म्हणाली.

"चावला!" डॉक्टर आनंदानं म्हणाले. त्यांनी तिच्या बोटाला आयोडिन लावलं. बोट लहानसं होतं, लावायला वेळ बराच लागला.

मग त्यांनी विचारलं, हा खातो काय? अप्पांनी अभिमानानं सगळं सांगितलं. डॉक्टर ओट्यावर बसले आणि त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं.

"चूक माझी. पथ्य म्हणालो आणि कसलं ते सांगितलंच नाही. अप्पा, माणसाचं पथ्य मांजराला नसतं. त्याला भाकरी नको, भात नको, कारलं तर... जाऊ द्या. त्याला मांस पाहिजे. अंडी पाहिजेत. पोटभर. तेव्हा कुठं इन्सुलिन अंगी लागेल आणि वजन चढेल. नाही चढलं, तर हा उन्हाळा बघत नाही."

अप्पांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला. "डॉक्टर, या उंबऱ्याच्या आत आजवर अंडं आलेलं न्हाय."

"बरं. आणि उंबऱ्याच्या बाहेर?"

अप्पांनी मास्तरकीत जेवढा विचार केला नसेल, तेवढा केला. "ओटा बाहेर येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ स्टीलचा डबा ओट्यावर यायला लागला. उकडलेलं चिकन, बारीक केलेलं. डॉक्टर म्हणत, दवाखान्याच्या वाटेवरच आहे. दवाखाना गावाच्या एका टोकाला, त्यांची खोली दुसऱ्या, आणि ही गल्ली त्यांच्या मधल्या कुठल्याही वाटेवर नव्हती. हे गल्लीला ठाऊक होतं. गल्ली खिडक्या उघड्या ठेवू लागली.

"मीठ नाही ना घातलं?"

"मीठ नाही, लसूण नाही, कांदा नाही. इतकं बेचव मी स्वतःसाठी पण करत नाही."

"स्वतःसाठी काय करता?"

"यातलंच उरलेलं. मीठ टाकून."

"म्हणजे तुम्ही सरपंचाचं उष्टं खाता!"

"पहिला मान त्यांचा," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "आम्ही परंड्याची माणसं. मानपान पाळतो."

ती ओढणी तोंडाशी धरून हसली. वासासाठी धरलीय, असं दाखवून...

"घरी कोण कोण असतं?"

"आई. कमलबाई. शेती बघते, आणि उरलेला वेळ माझ्यासाठी मुली बघते. पोराचं नाव बजरंग ठेवलं, आणि आता लग्न का जमत नाही म्हणून काळजी करते."

दर रविवारी वजन व्हायचं. करडं तोलायचा हुकाचा काटा खिडकीच्या गजाला अडकवायचा, त्याला पिशवी, पिशवीत सरपंच. तो हलला की काटाही हलायचा. आकडा वाचायला दोघांनाही वाकावं लागे. सरपंच लवकर शांत होत नसे, आणि दोघांपैकी कुणालाच घाई नसे. तिच्या केसांना जाईचा वास यायचा, त्यांच्या शर्टाला थोडा डेटॉलचा, थोडा शेळीचा. हळूहळू तिला शेळीचाही आवडायला लागला. म्हणजे प्रकरण कुठवर गेलं होतं ते बघा.

काटा दर आठवड्याला थोडा थोडा पुढं सरकत होता. हाडं बुजू लागली. ती खूश होती. आणि काटा जागेवर आल्यावर डब्याचं काय, हा विचार आला की तितकीशी खूश नव्हती.

एका संध्याकाळी डॉक्टर डबा ठेवून तिथंच रेंगाळले.

"दोन दिवस परंड्याला जातोय. आईनं बोलावलंय."

"बरं नाही का त्यांना?"

"तिला बरंय. मुलगी दाखवायचीय... मला."

"छान," शिवरंजनी म्हणाली.

"छान काय त्यात?"

"मुली असतात छान."

ते काहीतरी बोलणार होते. "डबा कुणाकडनं तरी पाठवतो," एवढंच म्हणाले.

"आम्ही बघू," ती निकाल वाचल्यासारखी म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच ओट्यावर बसून गल्लीच्या वळणाकडं बघत होता. शिवरंजनीही बघत होती, पण तिला विचारलं असतं तर तिनं नाकारलं असतं. न खाता सुई देता येत नव्हती, आणि सुई चुकवताही येत नव्हती. शेवटी ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा अंडी विकत घेतली. ती ओढणीखाली लपवून, चोरीचा माल आणावा तशी घरी आली. बघते तर ओट्यावर अप्पांनी जुना स्टोव्ह पेटवून पाणी ठेवलेलं.

"आण इकडं," ते म्हणाले.

"अप्पा, तुम्ही?"

"तुझ्या आईनं वाढवलाय त्याला. उपाशी मरू देऊ व्हय? ...किती येळ उकडायचं असतंय?"

दोघांनाही माहीत नव्हतं. समोरची खिडकी किलकिली झाली. "दहा मिनिटं," सोवळ्यातल्या चारुशीलाकाकू म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

सरपंचानं दोन्ही अंडी खाल्ली. मिशांना पिवळा लागला. शिवरंजनीनं सुई दिली. बापलेक ओट्यावर ऊन खात बसले.

"डॉक्टर कुठं गेलाय?"

"मुलगी बघायला."

"आन् तू?"

"मी काय?"

"न्हाय... तू आज अंडी आणलीस," अप्पा म्हणाले आणि बोक्याच्या मिशा पुसू लागले.

डॉक्टर आले ते ठरल्या दिवशी, एसटीची धूळ अंगावर घेऊन थेट ओट्यावरच. अप्पांकडून अंड्यांची हकिकत ऐकली आणि काटा लावला. सरपंच आज आपणहून पिशवीत शिरला आणि कधी नव्हे तो शांत बसला. काटा सरकत गेला आणि त्याच्या भल्या दिवसांतल्या आकड्याजवळ थांबला.

"बघा!" डॉक्टर उडालेच. "सरपंच परत निवडून आले!" मग त्यांचा चेहरा हळूच उतरला. "म्हणजे... आता तुम्हाला सगळं जमतंय. अंडी, सुई. मी रोज यायची तशी काही गरज राहिली नाही."

"सरपंचाला नाही," शिवरंजनी म्हणाली.

काटा स्थिर होता. तरी दोघंही वाकलेलेच राहिले.

"मुलगी कशी होती?" तिनं आकड्याला विचारलं.

"चांगली होती. शहाणी होती. मी पूर्ण वेळ तिला बोक्याबद्दलच सांगत बसलो. शेवटी तिनं विचारलं, बोका कुणाचा? मी सांगितलं... कसं सांगितलं कोण जाणे. ती म्हणाली, 'चहा घ्या आणि निघा, संध्याकाळची गाडी मिळेल.' आई कालपासून बोलत नाही माझ्याशी."

शिवरंजनीनं सरपंचाला पिशवीतून काढून कडेवर घेतलं. हातांना काहीतरी काम हवं होतं.

"मी... मी मांस सोडू शकतो," डॉक्टर एकदम म्हणाले. "खरंच."

"सोडू नका. मग याला कोण करून घालणार?" ती बोक्याच्या कानाआड तोंड लपवून म्हणाली. "पण... अप्पांना विचारा."

"काय विचारू?"

"ते पण मीच सांगू?"

डॉक्टरांनी चपला काढल्या. आज दोन्ही एकाच जोडातल्या होत्या. ते आत गेले. "या, बसा," अप्पांचा आवाज आला. मग डॉक्टरांचं एक अडखळतं वाक्य.

आणि मग अप्पा बोलायला लागले. हळूहळू, थांबून थांबून. आईचं नाव आलं. परंड्याचा किल्ला आला, समाज आला, लोक काय म्हणतील हेही आलं आणि आलं तसं बाजूला गेलं. मध्येच दोघं हसले. कित्येक वर्षांत घरातल्या माणसाशी अप्पा इतकं बोलले नव्हते.

शिवरंजनी दाराला पाठ लावून ऐकत उभी होती. हात भरून आला होता. बोका आता खरोखरच जड झाला होता. तिनं त्याला खाली ठेवलं नाही.