लोणी येईपर्यंत

"अहो, बूट आत घ्या! पाण्यानं भरतील ना!"

अस्सल मराठी तोंडातून निसटलं आणि स्वरालीनं जीभ चावली. अंगावर व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या शेतमजुराच्या बायकोचा जाडाभरडा झगा, डोक्याला रुमाल, आणि भाषा चक्क पुण्याची! पण तिचा तरी काय दोष? आयर्लंडमध्ये, धो धो पावसात, उंबऱ्याबाहेर बूट काढून मोज्यांवर आत येणारा माणूस आपल्याकडचाच असणार की!

"सवय हो..." तो ओशाळून हसला. "मी निमिष. रिंगास्किडीला औषधांच्या प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. पाऊस आला म्हणून तुमच्या घरात—"

"आलात ना? मग धरा हा दांडा."

कॉर्कला फूड सायन्स शिकणारी स्वराली दर शनिवारी या म्युझियममधल्या मजुराच्या घरात काम करायची. एकच खोली, मातीची जमीन, चुलीत धुमसता विस्तव, आणि सायीनं भरलेलं उंच लाकडी पिंप. पाहुण्यांसमोर लोणी काढून दाखवायचं, हे तिचं काम.

"इथली जुनी रीत आहे," ती म्हणाली. "घुसळण चालू असताना जो घरात येईल, त्यानं हात लावायचा. आणि लोणी आल्याशिवाय निघायचं नाही. नाहीतर घराची बरकत जाते म्हणे."

"बापरे! माझ्यामुळे नको जायला."

घुसळून घुसळून बिचाऱ्याचे दंड भरून आले, तरी लोणी येईना. कसं येणार? स्वरालीनं आईसारखं गार पाणी ओतलं होतं. पुण्याच्या उन्हाळ्यात ते ठीक आहे हो, इथल्या गारठ्यात साय आणखीच आखडून बसली. गप्पा मात्र अशा रंगल्या, की शेवटी लोणी आलं तेव्हा तिला चक्क वाईट वाटलं.

पुढच्या शनिवारी स्वारी पुन्हा हजर! आणि या वेळी स्वरालीनं गार पाणी मुद्दाम ओतलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही. "युअर मॅन आला," शेजारच्या घरात काम करणारी मोरीन डोळे मिचकावायची. इथे कुणाही पुरुषाला असंच म्हणतात, पण स्वरालीचे कान तापायचेच. 'अहो-जाहो' कधी सुटलं, दोघांनाही कळलं नाही.

आणि आज शेवटचा शनिवार. म्युझियम हिवाळ्यासाठी बंद होणार होतं, आणि निमिष लांबच्या लिक्सलिप गावी, कॉम्प्युटर चिपच्या प्लांटमध्ये रुजू व्हायला निघाला होता. आज नाही बोलले तर संपलंच! तिनं सगळं मनात घोकून ठेवलं होतं. घुसळता घुसळता, हळूच...

पण ती गार पाणी ओतायच्या आत, गप्पांना सुरुवात होतेय तोच दांडा जड झाला. मोरीनबाईंनी मदत म्हणून सायीचं भांडं सकाळपासून चुलीजवळ ठेवलं होतं!

"लोणी आलं," निमिष पडेल आवाजात म्हणाला. "आज गार पाणी नाही ओतलंस? मला घालवायची एवढी घाई?"

"तुला... तुला माहीत होतं?"

"अगं, प्लांटमध्ये दिवसभर तापमानच बघतो मी. दुसऱ्याच शनिवारी कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर लोणी लवकर आलं असतं."

स्वरालीनं दांडा सोडला.

"साय चुलीजवळ मोरीननं ठेवली, मी नाही! मला तर वाटतं, हे लोणी कधी येऊच नये... मला तू आवडतोस, निमिष. खूप आवडतोस. झालं, बोलले एकदाची!"

"माझं भाषण तूच करून टाकलंस की!" त्याचा चेहरा उजळला. "मलाही तूच हवी आहेस, स्वराली. दर शनिवारी ट्रेननं येईन. पण हे घर तर बंद—"

"माझ्या घरी ये. मिक्सर आहे, चुटकीसरशी लोणी येतं."

"मिक्सर नको गं बाई!"

दोघंही हसत सुटली. मग तो दाराकडे बघत म्हणाला, "रीतीप्रमाणे आता निघायला हरकत नाही, नाही का?"

ती उठली. उंबऱ्याबाहेर आजही भिजत पडलेले त्याचे बूट उचलून तिनं त्यातलं पाणी ओतलं.

"हे वाळेपर्यंत कसा जाशील?" ती म्हणाली, आणि बूट तिनं चुलीपासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले.