मांडीवरची थाप

आमचा सगळा स्टुडिओ एका सॅकमध्ये मावायचा. मुठीएवढा रेकॉर्डर, घडीचा स्टँड, माईक, दीड हाताचा कीबोर्ड आणि दोन हेडफोन. मी आणि देवमन दोघेही हिवरखेडचे, एकाच गायन पार्टीतले. मी मुख्य गायक. तो झीलकरी, म्हणजे माझी ओळ मागून उचलून धरणारा. अमरावतीत भाड्याची एक खोली घेऊन राहायचो आणि कार्यक्रम मिळेल त्या गावाला सॅक उचलून निघायचो.

खोलीत रेकॉर्डिंग करणं म्हणजे तारेवरची कसरत. बाहेर ऑटो, शेजारी कुकर, घरात कूलरची घरघर. म्हणून ऊन डोक्यावर आलं आणि गल्ली चिडीचूप झाली, की कूलर बंद करून आम्ही दोघं एका गोधडीत डोकं घालायचो. गोधडीत आवाज घुमत नाही. देवमनच्या आईने, तानुबाईने, ती दोघांच्या मापाची मुद्दाम शिवून दिली होती. आत घामाचा आणि जुन्या लुगड्यांचा वास कोंडलेला असायचा.

आमच्या पार्टीचा एक कायदा होता, गाणं तुटू द्यायचं नाही. गाणाऱ्याचा घसा बसला तर त्याने शेजारच्याच्या मांडीवर थाप मारायची, की त्याने गाणं उचलायचं. मग पुन्हा थाप पडेपर्यंत गाणं त्याचं, दुसऱ्याने नुसती झील धरायची. माझा घसा नेहमी ऐनवेळी दगा द्यायचा. देवमनचा मात्र कधीच बसला नाही. रात्रभर गाऊन सकाळी टपरीवर चहा पितानाही गडी गुणगुणतच असायचा.

हिवाळ्यात परतवाड्याच्या रस्त्यावर त्याची गाडी ट्रकखाली गेली.

माती देऊन आल्यावर तानुबाई मला म्हणाली, "बापू, ते गोधडी ठेवू नको. मेलेल्या मानसाचं अंथरून घरात ठेवत नाईत."

"मोठे आई, तुमी कवापासून भूत मानून राहिल्या?" मी म्हणालो. आमच्या बौद्ध घरांत भुताखेताचं नाव काढायची सोय नाही.

"भूत नाई मानत मी," ती हळूच म्हणाली. "पन त्याले तुयी सवय हाय ना..."

मी गोधडी ठेवली. तिच्यासारखा आवाज दुसऱ्या कशात येत नव्हता.

वैशाख लागला. अकोल्याच्या एका गाणी रेकॉर्ड करून विकणाऱ्याला नवा गायक हवा होता. त्याने नमुन्याचं एक गाणं मागवलं. पसंत पडलं तर वर्षभराची गाणी माझी, नाहीतर सॅक घेऊन गावी परत. आवाजाशिवाय माझ्याकडे दुसरं भांडवल नव्हतं.

भर दुपार होती. दाराला आतून कडी घातली, कूलर बंद केला, एक हेडफोन कानाला लावला. दुसरा सॅकमध्येच होता. गोधडी डोक्यावरून घेतली. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्या कडव्याला घशात काटे उभे राहिले आणि आवाज अडकला. हात सवयीने डावीकडे गेला आणि मी थाप मारली.

खाली फरशी लागायला हवी होती. मांडी लागली. घामाने ओली.

आणि गाणं तुटलं नाही...

गाणं संपल्यावरच मी गोधडी भिरकावू शकलो. खोलीत कोणी नव्हतं. कडी तशीच होती. डाव्या बाजूला दुसरा हेडफोन पडला होता, त्याची गादी ओली. मी भ्यालो, लाज नाही सांगायला. रेकॉर्डिंग लावलं. दुसऱ्या कडव्यापासून शेवटपर्यंत देवमन गात होता, खणखणीत. आणि त्याच्यामागे, अर्ध्या पावलाच्या अंतराने, कोणीतरी झील धरत होतं. तो आवाज माझा होता. मी तर तेव्हा तोंड मिटून बसलो होतो.

मी आईला फोन लावला.

"माय, मी बोलून राहिलो..."

पलीकडून तिचा बारीक आवाज आला. "कोन...? देवमन?"

"माय, मी सुगत! सुगत हाय मी!"

"देवमन, बापा..." तिने हंबरडा फोडला. "माया सुगत कुठी हाय रे?"

अकोल्याला गाणं पसंत पडलं. वर्षभराची गाणी मिळाली, नावही माझंच छापतात. गावी मात्र जाववत नाही. हे सगळं तुम्हाला लिहून देतोय, कारण तोंडाने सांगितलं असतं तर देवमनच सांगतोय असं वाटलं असतं.

रोज दुपारी कूलर बंद करून मी गोधडीत बसतो. उजवीकडे मी, डावीकडची जागा मोकळी. तो गातो आणि मी झील धरतो. गाणं परत मिळायचं तर माझ्या मांडीवर त्याची थाप पडायला हवी. त्याचा घसा बसायची वाट बघतोय.