वॉचमनला विचारून

पेढे पाव किलोच होते, पण स्वप्नालीने ते साऱ्या गल्लीला पुरवले. आबांना दिला, मायला दिला, दारातल्या वासराच्या तोंडातसुद्धा चिमूटभर कोंबला, आणि चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या शिवकन्येला, आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीला, वळसा घालून ती बाहेर गेली. शिवकन्येने तव्यावरची भाकरी उलटली. वर्षभर हे असंच चाललं होतं. आता त्याचं रडू येत नव्हतं... निदान रोज येत नव्हतं!

पुण्याच्या कॉलेजचं पत्र आलं होतं. प्रवेश परीक्षेतल्या गुणांवर चारही वर्षांची फी माफ, वसतिगृह माफ. घाटनांदूरच्या ऊसतोड्याच्या पोरीला! माय देवापुढे साखर ठेवून डोळे पुसत होती, आणि आबा ते छापून आणलेलं पत्र चुरगळू नये म्हणून दोन्ही तळहातांवर धरून बसले होते.

गेल्या जूनमध्ये स्वप्नाली बारावीला तालुक्यात दुसरी आली, तेव्हा कॉलेज शोधायचं काम शिवकन्येकडे आलं, कारण घरातला मोबाईल तिच्याकडे होता. कॉलेज घासून शिकवणारं हवं, आणि फुकटही हवं. हे दोन्ही एका जागी मिळणं म्हणजे हुंडा न मागणारा सरकारी नोकरीवाला जावई मिळण्यासारखंच! मग तिने स्थळं पाहतात तशीच कॉलेजं पाहिली. घरच्यांना काय विचारायचं, ते आपलं चांगलंच सांगणार, विचारावं शेजाऱ्याला. ऑफिसात गोड बोलून ती वॉचमनचा नाहीतर खानावळीतल्या बाईचा नंबर काढायची आणि विचारायची, मास्तर येतात का वेळेवर?

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका नव्या कॉलेजातून फोन आला. यादीत पहिलं नाव स्वप्नालीचं, फी पूर्ण माफ! शिवकन्येने तिथल्या खानावळीत फोन लावला. बाई म्हणाली, "माय, माफी पयल्याच वर्षाची. दुसऱ्या वर्षी कुणाचेच टक्के पुरत न्हाईत. अन् सर लोक तपासणी आली की दिसतेत."

शिवकन्येने परस्पर नकार कळवला, आणि घरात सांगितलं, "नाव लागलं न्हाई." नाकारलेल्या स्थळाला पत्रिका जुळली नाही म्हणतात, घर वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. तिने तीच रीत पाळली, आणि तिथेच तिचं चुकलं.

आठ दिवसांत शेजारच्या मोहिनीने त्याच कॉलेजात प्रवेश घेतला आणि फळ्यावरची यादी पाहून आली.

"पयलं नाव माझं होतं!" स्वप्नाली दारातूनच ओरडली. "तुझी शाळा दहावीनंतर चार वर्षं सुटली, म्हणून तुला मी शिकलेली बघवत न्हाई. कावून केलंस असं? कावून?"

शिवकन्येने तोंड उघडलं, पण भिंतीपलीकडे मोहिनीच्या आईचं हसणं ऐकू येत होतं. पोरगी दिलेल्या घराला नावं ठेवायची नसतात. आणि आता सांगितलं तर ही सबबच वाटणार... तिने पिठाची परात पुढे ओढली, आणि स्वप्नालीचं ते वर्ष घरीच गेलं.

त्याच साली मायचे गुडघे गेले. कोयता म्हणजे दोन माणसं, एक तोडणारा आणि एक मोळी बांधणारा; एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत आबांचं नाव होतं, उत्तरेश्वर, एक कोयता. शिवकन्या बाहेरून बारावी झाली होती, आणि अंबाजोगाईच्या नर्सिंगच्या यादीत तिचं स्वतःचं नाव लागलं होतं. तिने ते कुणाला सांगितलंच नाही. दिवाळीनंतर ती आबांबरोबर आष्टीजवळच्या कडा गावी ऊस तोडायला गेली. निघताना स्वप्नाली मायला मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "जाऊ दे, पाप फेडायला चाललीय."

कड्याच्या उसाच्या फडातून दर रविवारी एक फोन पुण्याला जायचा, पुढे जिथून पत्र आलं त्या कॉलेजचे वॉचमन धुळाजीमामा यांना. ते मूळचे आष्टीकडचे, त्यामुळे बोलणं लांबायचं.

"मामा, लायब्ररीचा दिवा कवा मालवतेत? माफी शेवटपर्यंत टिकती का पोरांची?"

"टिकती की, पण अभ्यासानं रडतेत बघ पोरं. मास्तर सोडतच न्हाईत!"

शिवकन्येला ते रडणं फार आवडलं. तिने स्वप्नालीच्या शाळेतल्या शहादेव सरांकरवी स्वप्नालीला फॉर्म पाठवला आणि आपलं नाव सांगू नका अशी शपथ घातली. नकाराची खरी गोष्ट आणि नर्सिंगचीसुद्धा ती एकट्या मामांपाशीच बोलली, कारण परक्या माणसापाशी मन मोकळं केलं तर घरात कुणाचं मन दुखत नाही.

पेढ्यांनंतरच्या सोमवारी आबा आणि स्वप्नाली पुण्याला गेले. दुपारी मोबाईल वाजला. धुळाजीमामांचा नंबर.

"मामा, पोचली का माझी माणसं?"

पलीकडून एक हुंदका आला.

"आक्का..."

वर्षभराने ती हाक आली! शिवकन्या पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिली.

"गेटवर गाव सांगितलं, तर मामा म्हणले, शिवकन्याची भैण का तू? समदं सांगितलं त्यांनी. मोहिनी माफी जाऊन परत आली, तरी मला कळलं न्हाई गं! कावून बोलली न्हाईस?"

"स्थळाची निंदा करू न्हाई म्हणून... चुकलं माझं. तुला तरी सांगायला पायजे होतं."

"मी तुला पेढा दिला न्हाई, आक्का!"

"वासरानं खाल्ला की," शिवकन्या म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

मग फोन आबांनी घेतला. फोनवर नेहमी ओरडणारे आबा आज फार हळू बोलले.

"पोरी, नर्सिंगचं मामाला सांगितलंस, बापाला न्हाई. यंदाचे फॉर्म कवा निघतेत?"

"पुढल्या आठवड्यात. पण आबा, मायचे गुडघे... तुमच्यासंगं कोण येणार?"



"मुकादमाला सांगतो. म्हणावं, यंदा उत्तरेश्वर अर्धा कोयता हाय."