हिरव्या झाकणाचा डबा

मुकादमाचा गळा कानापासून कानापर्यंत चिरला होता. कोल्ड रूमच्या भिंतींवर, फळ्यांवर, ट्रेंवर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या होत्या. छातीवर हिरव्या मुठीची सुरी नीट आडवी ठेवलेली होती, मारणाऱ्याने जणू खाली सही केली होती.

"बघवत नसेल तर बाहेर थांब," आत्या म्हणाली.

"बघवतंय," म्हणत भाचीने दाराचा आधार घेतला. आत्या खासगी गुप्तहेर, भाची तिची मदतनीस. आज मात्र भाचीचा जीव घरात अडकला होता. लेकीला ताप होता आणि सासूबाई फोन उचलत नव्हत्या.

सरकारी इस्पितळाचं हे स्वयंपाकघर. हिरव्या मुठी, हिरवी झाकणं हलाल जेवणाची, पांढरी बाकीच्यांची. सरकारी पैशातून हलाल द्यावं की नाही, यावरून गावात डोकी फुटत होती. निर्णयासाठी इस्पितळाच्या समितीची बैठक आज संध्याकाळी होती, आणि हलाल बाजूचा आचारी, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, चौकीत मार खात होता.

त्याची बायको सकाळी आत्याकडे आली तेव्हा तिच्या कपाळातून रक्त वाहत होतं. "घरावर दगड आले, बाई. बैठकीआधी खरा माणूस सापडला नाही, तर जमाव ह्यांना चौकीतून ओढून मारेल."

आत्या फळीपाशी वाकली. "हा पांढरा डबा कुणाचा?"

"मुलांच्या वॉर्डाचा," दुसऱ्या बाजूचा आचारी पैलवान दारातून म्हणाला. प्रेत त्यालाच दिसलं होतं. "शेजारी त्यांचाच हिरवा असतो. आज तो बाहेर पॅसेजमध्ये होता."

पॅसेजमधला हिरवा डबा लख्ख होता. आतला पांढरा डबा रक्ताने माखलेला.

"कुणीतरी नंतर बाहेर नेला असेल," भाची म्हणाली.

"मग फळीवरची त्याची जागा बघ."

तिथेही रक्त होतं. भाचीला त्यातून काहीच कळलं नाही. कचऱ्याच्या पिंपात एक रक्ताळलेला ॲप्रन सापडला. तसे दाराशी डझनभर टांगलेले होते.

"तुझं मुकादमाशी कसं होतं?" आत्याने पैलवानाला विचारलं.

"सगळ्यांचं जसं होतं तसंच. बेरकी माणूस! समितीतल्या एकेकाची शेंडी माझ्या हातात आहे म्हणायचा."

"आणि उस्तादशी?"

"रोज वाजायचं आमचं. त्याच्या कढईत माझा डाव गेला की तो घर डोक्यावर घ्यायचा. पण खून? छे! तो झुरळ मारायलासुद्धा मला हाक मारतो."

चौकीत उस्तादचा एक डोळा सुजून मिटला होता.

"मुकादमाला धमकी दिली होतीस?"

"दिली. मटण कमी पडलं की पांढऱ्यातलं हिरव्यात ढकलायचा. म्हटलं, हात तोडीन."

"हिरव्या ट्रेंवर रक्त उडालंय."

"सगळ्या?" त्याने कपाळावर हात मारला. "माणसाचं रक्त! सगळं फेकायला लागेल."

समितीचे एक सभासद बैठकीच्या खोलीत भेटले. हलालविरोधातला सर्वांत मोठा आवाज त्यांचाच, पण बोलणं मऊ. "माझा राग माणसांवर नाही, बाई. जनावराला आधी बेशुद्ध न करता कापणं मला पटत नाही. आणि सगळ्यांच्या पैशात एकाचा नियम कशाला?"

"सकाळी स्वयंपाकघरात होतात?"

"तपासणीला. पाहिलं आणि निघालो."

"वॉर्डात गेला होतात?"

"वरच्या मजल्यावर मी आजवर पाऊल टाकलेलं नाही."

"घरी कोण असतं?"

"कुणी नाही."

बाहेर जमाव ओरडत होता. ते खिडकी लावायला वळले. कोटावर मागे, खांद्याच्या जरा खाली, एक चमकती कागदी चांदणी चिकटली होती. भाचीला हसू आलं. तिची लेक कडेवरून तिच्या पाठीला असंच काहीबाही चिकटवायची.

मुलांच्या वॉर्डातली नर्स थकलेली होती. "हिरवा डबा? सध्या एकाच पोराला लागतो. गोड आहे हो! आज चांदण्यांचं नवीन पाकीट फोडलं. औषध गिळलं की एक चांदणी. पहिली त्यानेच मिळवली."

भाची जागीच थबकली. "आत्या! ती चांदणी..."

"आत्ता पेटला तुझा दिवा?" आत्या म्हणाली. "चल, पोराच्या आईशी बोलू."

बैठकीआधी आत्याने सगळ्यांना स्वयंपाकघरात उभं केलं. फौजदाराने उस्तादलाही आणलं होतं.

"डब्याच्या जागेवर रक्त आहे," आत्या म्हणाली. "म्हणजे रक्त उडालं तेव्हा डबा तिथे नव्हता. खुन्याने तो आधीच बाहेर ठेवला. उस्तादने ठेवला असता, तर सगळ्या हिरव्या ट्रे बाहेर काढल्या असत्या. पैलवानाने पांढरा वाचवला असता. वाचला एकच डबा, आणि तो जातो एकाच पोराला."

"खून झाल्यावर इथला घास कोण वर नेणार होतं?" फौजदार म्हणाला.

"कुणीच नाही. हे त्याच्या डोक्याला कळत होतं. हाताला कळलं नाही."

ती सभासदांच्या मागे गेली आणि चांदणी अलगद सोलून काढली. "स्वतःची स्वतःला इथे लावता येत नाही. कडेवरचं पोर लावतं. पाकीट आज फुटलं, आणि तुम्ही म्हणता वर पाऊल टाकलं नाही. ॲप्रन चढवण्याआधी कोट काढून ठेवलात, म्हणून रक्त लागलं नाही आणि चांदणी राहिली. तुमच्या लेकीने सगळं सांगितलंय. हलाल पाळणाऱ्या घरात लग्न केलं म्हणून तुम्ही तिला तोडलंत. नातू मात्र तुटेना. रोज चोरून भेटायचात. मुकादमाने ते पाहिलं. आज भर बैठकीत सांगणार होता ना?"

सभासदांनी ओट्यावरचा सुरा उचलला आणि भाचीचे केस धरून तिचं डोकं मागे खेचलं. पातं गळ्याला टेकलं, कातडी फाटली. तिला लेकीचा तापलेला तळवा आठवला.

पैलवानाचा लोखंडी झारा सपकन उतरला. मनगट कडकन मोडलं. दुसरा फटका तोंडावर बसला आणि दोन दात फरशीवर घरंगळले.

"बास!" फौजदार ओरडला.

ओढणीने गळा दाबून भाची भिंतीला टेकली. फोन वाजला, सासूबाई होत्या, ताप उतरला होता. ती हुंदके देत हसली.

उस्ताद सिंकपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुऊ लागला. त्याच्या बायकोने विचारलं, "आता काय करताय?"

"पोर सकाळपासून उपाशी असेल."

"त्याचं? ज्याने तुम्हाला फासावर..."

"पोराने काय केलंय?" त्याने हिरवं पातेलं खाली काढलं आणि नर्सला विचारलं, "तिखट चालतं त्याला?"

फौजदार सभासदांना दाराबाहेर ढकलत होता. रक्ताळल्या तोंडाने ते मागे वळले.

"तिखट नको," ते म्हणाले. "तोंड आलंय त्याचं."