पडद्यावरची निळी नवरी

"लॅबमधल्या त्या माणसाला काढायला लावलं मी," टोस्टला लोणी फासत लायोश म्हणाला, आणि त्याच्या बायकोच्या, ओपलच्या हातातली कॉफीची किटली टेबलावर आदळली. "माझ्या फिल्मवर पिवळटपणा चढवतो मेला. आता मी टिपलंय तशीच प्रिंट निघेल."

तो माणूस म्हणजे ती स्वतःच होती...

लायोश बोडोर हा हॉलिवूडचा नावाजलेला कॅमेरामन. बुडापेस्टहून नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या या माणसानं तीस वर्षं नट्यांचे चेहरे असे उजळले होते, की त्या हट्टानं त्यालाच मागत. पण सहा वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला. निळा रंग त्याला कमी दिसे, म्हणून तो दिव्यांवर निळे कागद चढवत राही. लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवणाऱ्या ओपलला ते पहिल्याच रिळात कळलं. बोलली असती, तर स्टुडिओनं दुपारपर्यंत दुसरा माणूस आणला असता, आणि कॅमेऱ्यावाचून लायोश जगला असता का? ती गप्प राहिली. जास्तीचा निळा रंग रोज हलक्या हातानं उतरवत राहिली. घरी सांगे, आपण दुसऱ्यांच्या फिल्मा जोडतो. विभागप्रमुखाची जागा चालून आली, तीही तिनं नाकारली, कारण मग त्याची रिळं परक्या हातात गेली असती. आणि हाच नवरा चारचौघांत म्हणे, लॅबवाले म्हणजे नुसते धोबी!

आता मोतीबिंदू इतका वाढला होता, की तिनं सुधारलेली प्रिंटच त्याला पिवळी दिसू लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आदल्या दिवसाचं काम बघायला स्टुडिओच्या छोट्या थिएटरात सगळे जमले. ओपल गुपचूप मागच्या रांगेत बसली. दिवे मालवले. पडद्यावर नवरीच्या वेषात नायिका रमोना थेअर आली, आणि सारं थिएटर थिजलं. ओठ निळे, गाल निळे, जणू पाण्यातून काढलेलं प्रेत.

लायोशनं एकट्यानं टाळी वाजवली. "बघा, गालांवर कशी लाली आलीय!"

शेवटी निर्माता केसलर हळूच म्हणाला, "बोडोर, लग्न आहे तिचं. मयत नाही."

रमोनाला हुंदका आवरेना. लायोश एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. ते बघून ओपल उभी राहिली.

"प्रिंट मी बिघडवली, केसलरसाहेब. रंग जुळवणारी मीच. नवऱ्यानंच माझी नोकरी घालवली, म्हणून राग काढला. त्याचा काही दोष नाही."

"बाई, या गावात तुम्हाला पुन्हा कुणी फिल्मला हात लावू देणार नाही."

"ठाऊक आहे मला," म्हणून ती बाहेर पडली.

लायोश धडपडत मागे आला. "इतकी वर्षं... तू होतीस?"

"हो."

"मग आत खोटं बोललीस. तुला बिघडवता येत नाही, ओपल. तो चेहरा मीच निळा केला ना? खरं सांग."

"हो," ती कशीबशी म्हणाली. "सहा वर्षं झाली."

आता हा आकांडतांडव करणार, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. पण तो मुकाट्यानं परत आत निघाला. तिनं त्याची बाही धरली. "नको जाऊस. होतं नव्हतं ते सगळं जाईल."

"जाऊ दे. माझ्या पापाचं खापर तुझ्या माथी कशाला?"

दारात उभा राहून त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हिनं काही बिघडवलेलं नाही. माझे डोळे गेलेत. सहा वर्षं तुम्ही मला जी शाबासकी दिलीत, ती हिची होती."

केसलरनं कपाळ धरलं, आणि मग दुसऱ्या कॅमेरामनला फोन लावायला सांगितलं. कॅमेऱ्याशी मांडलेला तीस वर्षांचा संसार तेवढ्यात आटोपला.

दोघं गाडीपाशी आली. उन्हात तो तिच्याकडे खूप वेळ निरखून बघत होता. मग भीत भीत त्यानं तिच्या केसांना हात लावला.

"हे मला अजून सोनेरीच दिसतात गं."

सहा वर्षांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली ओपल त्याच्या कोटात तोंड खुपसून रडू लागली.

"पांढरे झाले, लायोश," ती म्हणाली. "कधीच पांढरे झाले."